आईंच्या सगळ्या गोळ्या एकदा टेबलावर मांडा

एका लेकीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"माझी आई ७३ वर्षांची आहे. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, गुडघेदुखी, सगळं आहे. तीन वेगवेगळे डॉक्टर, दिवसाला अकरा गोळ्या. यादी सोबत जोडली आहे. मागच्या वर्षी गुडघ्यांसाठी दुखणं थांबवायची गोळी सुरू झाली. मग रक्तदाब वाढला म्हणून त्याची गोळी वाढवली. महिना-दीड महिन्याने घोटे सुजायला लागले, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी पाणी कमी करायची गोळी दिली. आता उठताना तिला भोवळ येते. परवा बाथरूमच्या दाराशी तोल गेला, थोडक्यात वाचली. विसरतेही फार. गोळ्यांचा डबा भरताना माझ्या लक्षात आलं की दोन पाकिटांवर नावं वेगळी आहेत, पण खाली बारीक अक्षरात औषध एकच. तिच्या उशीखाली चार-पाच गोळ्या सापडल्या, त्या मी गुपचूप उचलल्या. भाऊ म्हणतो, निम्म्या बंद करून टाकू. आई म्हणते, डॉक्टरांनी दिल्यात, तुम्ही उगाच डोकं चालवू नका. मैत्रीण म्हणते, औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टला सगळं एकदा नीट दाखव. पण तो तर विकणारा माणूस, तो काय सांगणार? आणि डॉक्टरांना कळलं तर राग येणार नाही का? ता. क. काचबिंदूसाठी डोळ्यात थेंबही घालते, पण ते मी गोळ्यांत धरले नाहीत."

ताई,

मैत्रिणीचं ऐका, भावाचं नको. आणि पुढचं वाचण्याआधी एक गोष्ट पक्की करा: आईंची एकही गोळी घरच्या घरी, आपल्या मनाने बंद करायची नाही. भावाची कळकळ मला कळते. आईचा तोल जाताना पाहिला की कुणालाही वाटेल, हे सगळं उचलून फेकून द्यावं. पण तुमच्या यादीत झोपेची गोळी आहे आणि ती त्या दोन वर्षं रोज घेतायत. ती एका रात्रीत थांबवली तर झोप पार उडते, जीव घाबरा होतो, हात थरथरतात, क्वचित फिटही येते. ती कमी करायची तर आठवड्या-आठवड्याने, थोडी थोडी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. काचबिंदूचे थेंब थांबवले तर त्या दिवशी काहीच जाणवणार नाही. डोळ्यातला दाब मात्र आतल्या आत वाढत राहील, आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. कुठली गोळी काढल्यावर काय होईल हे पाकिटाकडे बघून कळत नाही, म्हणून अंदाजाने निम्म्या काढायच्या नसतात.

त्या दोन सारख्या पाकिटांचं मात्र आजच विचारून घ्या. दोन्ही पाकिटं हातात घेऊन दुकानात जा, नाहीतर फोन करून दोन्हींवरचं औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम वाचून दाखवा. तुमच्या यादीवरून ते ॲसिडिटीचं पँटोप्राझोल दिसतंय. एक हाडांच्या डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळीबरोबर दिलेलं, एक दुसऱ्यांनी पोट जळतं म्हणून. दोघांनीही आपल्या जागी बरोबरच दिलं आहे, फक्त एकाला दुसऱ्याचं माहीत नव्हतं. हे औषध दुप्पट गेल्याने एवढ्यात काही भयंकर होत नाही. पण हीच गोष्ट रक्तदाबाच्या, साखरेच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळीत झाली असती तर? तुम्ही बारीक अक्षरं वाचलीत हे फार चांगलं केलंत. पाकिटावर एक नाव कंपनीने ठेवलेलं असतं, आणि औषधाचं मूळ नाव वेगळं लिहिलेलं असतं. घरातल्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं.

आता मोजणीकडे येते. तुम्ही अकरा मोजल्यात. मी बारा मोजते, आणि पत्राचा जो भाग मी वर गाळलाय त्यात तुम्ही सर्दीच्या गोळीचा उल्लेख केलाय, ती धरली तर तेरा. डोळ्यांचे थेंब हे औषध आहे. हे मी इतक्या ठासून का सांगते, त्याला कारण आहे.

माझे वडील रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल घ्यायचे. त्यांच्या गोळ्यांचा डबा मी दर रविवारी स्वतः भरायचे. तेव्हा मला औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काउंटरमागे उभं राहून पंधरा वर्षं झाली होती. ते अधूनमधून म्हणायचे, पायात जोर राहत नाही, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. आम्ही वयावर ढकललं. एकदा मी बाहेरगावी होते म्हणून ते माझ्या एका सहकारी मैत्रिणीच्या दुकानात गोळ्या आणायला गेले. तिने त्यांना बसवलं, मनगट हातात घेतलं, नाडी मोजली. ४६ भरली. मग तिने विचारलं, "काका, डोळ्यात काही घालता का?" घालत होते. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब, दिवसातून दोनदा, वर्षभर. बाटली आरशाजवळ दाढीच्या सामानात असायची, म्हणून माझ्या डब्यात ती कधी आलीच नाही. टिमोलॉल आणि मेटोप्रोलॉल हे एकाच कुळातलं औषध, दोन्ही हृदयाचा वेग कमी करतात. डोळ्यात टाकलेला थेंब डोळ्यातच राहत नाही. तो नाकाकडे जाणाऱ्या बारीक नळीतून उतरतो आणि तिथून रक्तात मिसळतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब बदलून दिले आणि वडिलांची अंधारी गेली. ती मैत्रीण माझ्यापेक्षा हुशार होती म्हणून तिला हे सापडलं असं नाही. तिने विचारलं, मी विचारलं नव्हतं. एवढाच फरक होता.

तुमच्या आईंचे थेंब कुठले आहेत ते पत्रात नाही. बाटली सोबत न्या. आणि कुठलेही थेंब असोत, घातल्यावर डोळा हलकेच मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायला सांगा. औषध डोळ्यात जास्त राहतं, अंगात कमी जातं.

तुमचा खरा प्रश्न असा की विकणारा माणूस काय सांगणार. प्रश्न रास्त आहे, मला त्याचा राग येत नाही. पण बघा, आईंच्या तीन डॉक्टरांपैकी प्रत्येकजण आपापल्या खिडकीतून बघतो. हृदयाच्या डॉक्टरांना रक्तदाब दिसतो, हाडांच्या डॉक्टरांना गुडघा, मधुमेहाच्या डॉक्टरांना साखर. तिघांच्या चिठ्ठ्या एकाच काउंटरवर येऊन पडतात. त्या काउंटरमागे जो शिकलेला फार्मासिस्ट बसलेला असतो, त्याचं सगळं शिक्षणच मुळी यात झालेलं असतं की औषध पोटात गेल्यावर त्याचं काय होतं, ते कशाशी भांडतं, मूत्रपिंडातून किती वेगाने बाहेर पडतं. रोगाचं निदान हे त्याचं काम नाही. पण बारा औषधं एका अंगात एकत्र नांदतायत की नाही, हे बघणं नक्कीच त्याचं काम आहे.

ही काही माझ्या मनातली कल्पना नाही. ऑस्ट्रेलियात २००१ पासून फार्मासिस्ट घरी जाऊन औषधांची अशी तपासणी करतात. कॅनडातल्या ओंटॅरिओ प्रांताने २००७ मध्ये तशीच सोय दुकानात सुरू केली. अमेरिकेत याला 'ब्राउन बॅग' तपासणी म्हणतात, कारण माणसं घरातली सगळी औषधं खाकी कागदी पिशवीत भरून आणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी इजा कमी करण्याची जगभराची मोहीमच हाती घेतली. एका वेळी अनेक औषधं घेणारे रुग्ण हा त्या मोहिमेचा एक मुख्य विषय आहे. साधारण पाच किंवा जास्त औषधं रोज घेणाऱ्याला या गटात धरतात. तुमच्या आई तिथून बऱ्याच पुढे गेल्या आहेत.

तरी माणूस पारखून घ्या. काउंटरवर पाकीट काढून देणारा प्रत्येकजण फार्मासिस्ट नसतो. "नोंदणीकृत फार्मासिस्ट कोण आहेत, मला त्यांच्याशी बोलायचंय," असं सरळ विचारा. चांगला फार्मासिस्ट आधी विचारतो, मग सांगतो. तो पहिल्या पाच मिनिटांत शक्तीची पावडर किंवा नवं टॉनिक पुढे करायला लागला तर आभार मानून उठा आणि दुसरीकडे जा. आणि जो एखादं पाकीट बाजूला ठेवून म्हणेल, "हे का चाललंय, हे आपण डॉक्टरांना विचारू या," त्याला धरून ठेवा. त्यात त्याची विक्री कमीच होणार असते, तरी तो बोलला. त्यानंतर सगळी औषधं शक्यतो त्याच एका दुकानातून घ्या. चार ठिकाणांहून घेतलेल्या औषधांची नोंद चार ठिकाणी तुकड्या-तुकड्यांत राहते आणि कुणालाच अख्खं चित्र दिसत नाही.

गर्दीच्या वेळी जाऊ नका. संध्याकाळी काउंटरवर सहाजण ताटकळत असताना हे काम होत नाही. आदल्या दिवशी फोन करून सांगा, "आईची बारा औषधं आहेत, सगळी एकत्र तपासून हवी आहेत, अर्धा तास कधी मिळेल?" बसायला खुर्ची आणि थोडा आडोसा मिळतो का तेही विचारा. लघवीचं, पोटाचं, झोपेचं बोलायचं असतं, ते चारचौघांत कुणी बोलत नाही.

पिशवीत काय भरायचं? जे जे अंगावर किंवा अंगात जातं ते सगळं. डब्यात काढून ठेवलेल्या गोळ्या नकोत, मूळ पाकिटं आणि बाटल्या न्या. मलम, थेंब, इन्हेलर, इन्सुलिन असेल तर तेही. वेदनेचं स्प्रे, खोकल्याचं औषध, पोट साफ व्हायची पावडर, शेजारणीने दिलेली जीवनसत्त्वाची गोळी, झाडपाल्याची औषधं. "हे नैसर्गिक आहे, हे कशाला दाखवायचं" असं ज्याच्याबद्दल वाटेल ते आधी भरा. ज्येष्ठमध रोज बरंच खाल्लं तर रक्तदाब वाढवतं आणि रक्तातलं पोटॅशियम कमी करतं. पाणी कमी करायची गोळी पोटॅशियम आधीच खाली आणत असते. दोन्ही एका घरात असतील तर फार्मासिस्टला कळायलाच हवं. बंद केलेली, मुदत संपलेली पाकिटंही न्या. कपाटाच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेलं जुनं पाकीट कधीकधी सगळा उलगडा करतं. सोबत तिन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि गेल्या सहा महिन्यांतले रक्ताचे रिपोर्ट, त्यात मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन असलेला रिपोर्ट खास करून. वय झालं की मूत्रपिंडं सावकाश काम करतात, आणि पन्नाशीत मानवलेला डोस सत्तरीत जास्त होऊ शकतो.

जाण्याआधी आठवडाभर घरी एक काम करा. रक्तदाबाचं यंत्र असेल तर आईंना पाच मिनिटं आडवं पडू द्या, मोजा, मग उभं करा आणि एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. उभं करताना तुम्ही शेजारीच उभ्या राहा. वरचा आकडा २० किंवा जास्त खाली आला, किंवा खालचा १०, तर उठताना येणाऱ्या भोवळीचं एक कारण हातात आलं. भोवळ दिवसाच्या कुठल्या वेळी येते आणि त्याआधी कुठल्या गोळ्या घेतल्या होत्या, तेही लिहा. "हल्ली चक्कर येते" या वाक्यावर कुणालाच फारसं काही करता येत नाही. "सकाळी आठला गोळ्या, साडेनऊला भोवळ, उभ्याने वरचा रक्तदाब १०४" यावर करता येतं.

आता तुमची यादी समोर ठेवून मी काय विचारलं असतं ते सांगते. हे निदान नाही. आईंना मी पाहिलेलं नाही. हे प्रश्न आहेत आणि ते तुम्ही जसेच्या तसे पिशवीबरोबर न्या.

तुम्ही पत्रात तारखांच्या क्रमाने लिहिलंत त्याने माझं निम्मं काम झालं. आधी गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक. मग रक्तदाब वाढला. मग त्याची गोळी वाढवली, तुमच्या यादीत ती टेल्मिसार्टन आणि अॅम्लोडिपिनची जोडगोळी आहे. मग घोटे सुजले. मग पाणी कमी करायचं फ्युरोसेमाइड. मग भोवळ. आता हीच साखळी उलटी वाचा. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांनी अंगात मीठ-पाणी साठतं, रक्तदाब वाढू शकतो, शिवाय रक्तदाबाच्या गोळ्यांचा जोर कमी होतो. अॅम्लोडिपिनने घोटे सुजतात, डोस वाढला की जास्त सुजतात, आणि स्त्रियांमध्ये हे अधिक दिसतं. ही सूज अंगात पाणी जास्त झाल्याने येत नाही. बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन त्यांतून पाणी पायात झिरपतं, म्हणून पाणी काढायच्या गोळीने ती फारशी उतरत नाही. उतरतो तो उभ्याने रक्तदाब. एका गोळीचा त्रास हा नवा आजार समजून त्यावर दुसरी गोळी येते, तिच्या त्रासावर तिसरी. याला औषधशास्त्रात 'प्रिस्क्रायबिंग कॅस्केड' असं नाव आहे. मी त्याला गोळीमागे गोळी म्हणते. तुमच्या घरी असंच झालंय का, हे मी इथे बसून ठरवू शकत नाही. पायाची सूज हृदयामुळे, मूत्रपिंडामुळेही येते आणि ते डॉक्टरांनी तपासलंच पाहिजे. पण पहिली गोळी, गुडघ्याची, अजून रोज लागते का, हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारण्यासारखा आहे.

त्याला आणखी एक कारण आहे आणि ते जास्त गंभीर आहे. डायक्लोफिनॅक, टेल्मिसार्टन आणि फ्युरोसेमाइड, ही तिन्ही एकाच वेळी चालू असणं मूत्रपिंडांना जड जातं. एकेकटीपेक्षा तिन्ही मिळून धोका जास्त. उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर तो आणखी वाढतो. अशा दिवशी काय थांबवायचं आणि काय चालू ठेवायचं, हे आजारी पडण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. शिवाय यादीत कमी डोसची ॲस्पिरिनही आहे. ॲस्पिरिन आणि डायक्लोफिनॅक मिळून पोटात रक्तस्रावाची शक्यता वाढवतात. पँटोप्राझोल त्यासाठीच दिलेलं असणार, म्हणून दोन पाकिटांपैकी एक राहीलच. दोन्ही काढून मोकळ्या होऊ नका.

थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम तुम्ही सकाळच्या एकाच कप्प्यात भरता. हे मात्र मी छातीठोकपणे सांगते, वेगळं करा. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. कॅल्शियम किंवा लोह तिच्यापासून चार तास लांब. दोन्ही एकत्र घेतलं तर कॅल्शियम त्या गोळीला पोटातच धरून ठेवतं, रक्तात पोचू देत नाही. मग रिपोर्ट बिघडतो, डॉक्टर डोस वाढवतात, आणि वर्षानुवर्षं कुणालाच कळत नाही की गोष्ट फक्त वेळेची होती. वेळ बदलल्याचं डॉक्टरांना कळवा, कारण आता तोच डोस जास्त लागू पडू शकतो. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासावं लागेल.

विसराळूपणाचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय आणि पुढे गेलात. मला वाटतं ती ओळ तुम्हाला सगळ्यांत जास्त छळते आहे. थोडं थांबून बघू. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी अनेक वर्षं घेतल्याने बी१२ जीवनसत्त्व कमी होतं, पँटोप्राझोल दीर्घकाळ घेतल्यानेही होतं, आणि आई दोन्ही घेतात. बी१२ कमी झालं की पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, लक्षात राहत नाही. साध्या रक्ततपासणीत ते कळतं आणि भरूनही काढता येतं. झोपेच्या गोळीने दिवसा गुंगी राहते, तोल जातो, स्मरण मंदावतं. आणि ती सर्दीची गोळी. बहुतेक जुन्या पद्धतीच्या सर्दीच्या गोळ्यांत क्लोरफेनिरामीन असतं. तरुण माणसाला त्याने नुसती झोप येते. सत्तरीपुढे त्याने तोंड कोरडं पडतं, लघवी अडते, बद्धकोष्ठ होतं आणि मन गोंधळतं. अनेकदा त्याच गोळीत पॅरासिटामॉलही मिसळलेलं असतं, आणि घरात अंगदुखीसाठी वेगळं पॅरासिटामॉल चाललेलंच असतं. मोठ्या माणसाने दिवसभरात सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर जायचं नसतं, आणि वयस्क, हडकुळ्या माणसाला त्याहून कमी पुरतं. विसरणं हे नेहमी मेंदूच्या म्हातारपणाचंच असतं असं नाही. कधीकधी ते पाकिटात असतं. तेवढं तपासून होईपर्यंत मनाने फार पुढे जाऊ नका.

डॉक्टरांना राग येईल का? क्वचित कुणाला येतही असेल. पण माझा अनुभव असा की बहुतेकांना नीट लिहिलेली यादी हातात पडली की हायसं वाटतं. फरक पडतो तो विचारण्याने. "फार्मासिस्ट म्हणाले तुमची गोळी चुकली" असं कुणालाही ऐकायला आवडणार नाही, आणि ते खरंही नाही. "ही गोळी वाढवल्यावर दीड महिन्याने आईचे पाय सुजले, याचा एकमेकांशी काही संबंध असेल का?" असं विचारा. फार्मासिस्टकडून दोन-तीन मुद्द्यांची चिठ्ठी लिहून घ्या, किंवा त्यांनाच फोन करू द्या. दोन डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं होत नसेल तर तिघांपैकी एकांना, शक्यतो जे आईंना सर्वांत जास्त वर्षं ओळखतात त्यांना, सांगा की यादी तुमच्या हाती असू दे. बदल एका वेळी एकच करायचा. चार गोळ्या एकदम बदलल्या आणि बरं वाटलं किंवा बिघडलं, तर ते कशाने हे कळणारच नाही.

यातल्या काही गोष्टी मात्र भेटीची वाट बघण्यासारख्या नाहीत. शौच डांबरासारखं काळं झालं, आई बेशुद्ध पडल्या, पडून डोक्याला लागलं, छातीत दुखलं, एकाएकी धाप लागली, लघवी अगदीच कमी झाली किंवा अचानक बरळायला लागल्या, तर पिशवी उचला आणि थेट दवाखाना गाठा.

आता उशीखालच्या गोळ्या. तुम्ही त्या गुपचूप उचलल्यात आणि आईंना काही बोलला नाहीत, ते बरं केलंत. कुठली गोळी होती ते लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज पाणी कमी करायच्या गोळीचा आहे. ती घेतली की तासा-दीड तासात तीनदा-चारदा उठावं लागतं. भोवळ येणाऱ्या बाईला बाथरूमपर्यंतचं ते अंतर किती लांब वाटत असेल याचा विचार करा. बाहेर कुणाकडे जायचं असेल तर आणखी पंचाईत. त्या गोळी टाळत असतील तर त्याला हट्ट म्हणू नका, पडण्याची भीती असेल. आणि डॉक्टरांना वाटतंय की गोळी रोज पोटात जाते आहे. सूज उतरत नाही म्हटल्यावर ते उद्या डोस वाढवतील. म्हणून ही गोष्ट पिशवीतल्या कुठल्याही पाकिटाइतकीच महत्त्वाची आहे आणि ती फार्मासिस्टपर्यंत पोचली पाहिजे.

पण ती तुम्ही सांगू नका. आईंना सोबत न्या, त्यांच्या पाठीमागे हे काम करू नका. पाकिटं त्यांनाच एकेक करून टेबलावर मांडू द्या, आणि प्रत्येकावर फार्मासिस्टना विचारू द्या, "ही कशासाठी घेता? घेतल्यावर कसं वाटतं? कधी राहून जाते का?" आईंना उत्तर द्यायला वेळ लागेल. मध्ये बोलू नका. तपासणीचं नाव काढल्यावर त्या नाही म्हणतील, तेव्हा डॉक्टरांवर अविश्वास म्हणून जायचं नाहीये, तिघांनी दिलेलं एका कागदावर आणायला जायचंय, असं सांगा. ते खरंच आहे, आणि डॉक्टरांना मानणाऱ्या बाईला ते पटेल. अर्ध्या तासातली शेवटची पाच मिनिटं तुम्ही उठून दुसऱ्या काउंटरवर काहीतरी बघायला जा. आईंना लेकीसमोर बोलता येत नाही अशा एक-दोन गोष्टी असतात.

परत येताना तुमच्या हातात एक कागद असू दे. औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, कशासाठी, कधी, कुणी दिलं, आणि वर तारीख. ज्या औषधाची ॲलर्जी असेल ते खाली लाल अक्षरात. एक प्रत आईंच्या पर्समध्ये, एक भावाच्या फोनमध्ये. गोळी बदलली की जुना कागद फाडून नवा करा. आणि पुढची तारीख त्याच दिवशी ठरवून घ्या: सगळं ठीक असेल तर सहा महिन्यांनी, पण मधल्या काळात दवाखान्यात भरती व्हावं लागलं किंवा नवे डॉक्टर जोडले गेले, तर घरी आल्यावर आठवड्याच्या आत.

उभ्याने घेतलेला रक्तदाब आणि थेंबांच्या बाटलीवरचं नाव मला नक्की लिहून कळवा.